दुपारी बाराची सुट्टी आणि गीतेतला चोर



आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय तिसरा, श्लोक १० ते १६.

आधी नेहमीप्रमाणे अर्थ, आपल्या साध्या भाषेत. प्रजापतीने माणसं घडवली तेव्हा त्यांच्याबरोबर यज्ञही घडवला आणि सांगितलं, याच्या आधाराने वाढा. तुम्ही देवांना पोसा, देव तुम्हाला पोसतील. असं एकमेकांना पोसत राहिलात तर सगळ्यांचंच भलं होईल. पुढच्याच श्लोकात भगवंतांचा सूर कडक होतो. ज्यांच्याकडून मिळालं त्यांना काहीही परत न देता जो नुसता उपभोग घेतो, तो चोरच. मूळ शब्द आहे 'स्तेन'. मग येतं ते चक्र. अन्नावर जीव, पावसावर अन्न, यज्ञावर पाऊस आणि कर्मावर यज्ञ. हे फिरतं चक्र जो पुढे फिरवत नाही, त्याचं जगणं वाया गेलं असं सोळावा श्लोक सांगतो.

खरं सांगू का, हा भाग मी आजवर भराभर वाचत आलो. देव, पाऊस, हवन... आपल्या जगण्याशी याचा काय संबंध? आणि 'चोर' तर मी नव्हेच. टॅक्स भरतो, एकादशी करतो, पंढरीच्या वाटेवरच्या दिंडीला दरवर्षी एका जेवणाचे पैसे देतो. माझ्याकडे कोणाचं काय राहिलंय?

एप्रिलमधल्या एका दुपारी कळलं, काय राहिलंय ते.

आधी आमच्या घरचं वेळापत्रक सांगतो. बायको वाळूजच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. सव्वासातला सिडकोतून तिची कंपनीची बस निघते, संध्याकाळी साडेसहाला ती घरी येते. मी पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरून करतो, महिन्यातून एक-दोनदा तिकडे जावं लागतं. लेक साडेतीन वर्षांची. नर्सरी नऊ ते बारा, त्यानंतर सहापर्यंत पाळणाघर. नर्सरी जालना रोडच्या एका अंगाला आणि पाळणाघर दुसऱ्या. म्हणजे रोज चार फेऱ्या : नऊला सोडा, बाराला आणा, तिथून पाळणाघरात पोचवा, सहाला घरी आणा. दोन्हीकडचे आजी-आजोबा गावी आहेत. त्यांची शेती आहे, जनावरं आहेत, गुडघे दुखतात. 'आजी असताना पाळणाघर कशाला' असं विचारणाऱ्यांना एवढंच उत्तर आहे.

बाराच्या फेरीसाठी रिक्षावाले काका लावलेत. त्यांच्या रिक्षात आमच्या लेकीसकट सात मुलं. त्या दिवशी सकाळीच काकांचा फोन आला, "सर, गाडी गॅरेजला हाये. आजच्याला तुम्हीच बघा." मी म्हटलं, बघतो. बायकोला मेसेज टाकला, 'काकांची रिक्षा नाही, बाराचं माझ्याकडे. डन.'

साडेअकराला कॉल सुरू झाला. प्रॉडक्शनवर गडबड झाली होती, लोकांचे पैसे अडकले होते. पंधरा माणसं कॉलवर आणि स्क्रीन माझी. फोन सायलेंट करून टेबलावर उपडा ठेवलेला. चूक सापडली, दुरुस्त झाली, सगळ्यांनी श्वास सोडला आणि मी घड्याळाकडे पाहिलं. बारा पस्तीस.

पुढची पंधरा मिनिटं मला नीट आठवत नाहीत. गाडीचं सीट तापून पोळत होतं आणि सिग्नलला मी मोठ्याने विठ्ठल-विठ्ठल म्हणत होतो, एवढंच आठवतं. तो जप नव्हता मंडळी, ती भीती होती.

पोचलो तर गेट लोटलेलं. आत पाण्याच्या टाकीच्या सावलीत नर्सरीतल्या मावशी भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि आमची लेक त्यांच्या मांडीवर बसून त्यांच्या बांगड्या मोजत होती. रडत नव्हती. मला पाहिल्यावर तिने विचारलं, "बाबा, तू विसरलास?" त्यात तक्रार नव्हती. विसरला असशील तर तसं सांग, इतकं सरळ विचारलं होतं.

मावशींची सुट्टी सव्वाबाराला होते. मी माफी मागितली. (आपण सगळे त्यांना 'मावशी' म्हणतो, वयाने त्या माझ्यापेक्षा लहानच असतील.) काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "तुम्हाला उशीर झाला. घरी कोणी वाट बघत असेल ना?"

"हाये ना दादा. मोठी हाये बारक्यापाशी."

"मोठी म्हणजे केवढी?"

"तिसरीत हाये. म्हंजी, नाव हाये तिसरीत." त्या हसल्या. "मी हिकडं आले की बारक्याला कोन बघनार? मंग ती ऱ्हाती घरी. मी गेले की मंग ती सुटती."

मी खिशातून दोनशे रुपये काढले. त्यांनी हात मागे घेतला. "लेकराला सांभाळायचे कशाचे पैसे, दादा?" मी हात जोडले, लेकीला उचललं आणि निघालो. गाडीत बसल्यावर वाटलं, जगात किती चांगली माणसं आहेत.

रात्री बायकोला हा प्रसंग मी तसाच सांगितला, चांगुलपणाची गोष्ट म्हणून. आपल्या ब्लॉगवर टाकता येईल असंही म्हणालो. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "त्यांनी पैसे घेतले नाहीत म्हणून तुला बरं वाटलं, हो ना?"

मी काहीच बोललो नाही.

"लाईनवर असताना माझा फोन लॉकरमध्ये असतो. तू 'डन' लिहिलंस म्हणून मी दिवसभर तो विषय डोक्यातून काढून टाकला. रोज मला असं काहीच काढून टाकता येत नाही. काकांचा फोन आला का, डबा संपला का, पाळणाघराची फी गेली का, सगळं डोक्यात चालू असतं. आज पहिल्यांदा काढलं होतं." थोडं थांबून ती पुढे म्हणाली, "आणि एक सांगते. तू कायम म्हणतोस, मी तुला मदत करतो. ती फेरी माझी आहे आणि तू मला करून देतोस, असं नाहीये ते."

दुसऱ्या दिवशी पहाटे गीता उघडली. नेहमीच्या क्रमाने हेच श्लोक समोर आले. त्या 'स्तेन' शब्दावरून पुढे सरकता येईना.

मग हिशोब मांडला. इंजिनिअर माणूस, हिशोबाशिवाय पश्चात्तापसुद्धा करता येत नाही. माझ्या कंपनीने त्या दिवशी माझी दुपार घेतली. मला पन्नास मिनिटं कमी पडली, ती मी मावशींकडून घेतली. मावशींना ती त्यांच्या मोठीकडून घ्यावी लागली. आणि ती आठ वर्षांची मुलगी कोणाकडून घेणार? तिच्या खाली कोणी नाही. ती आपल्या शाळेतूनच घेते. त्या दिवशी पन्नास मिनिटं गेली, पण खरं म्हणजे रोजच जातात. आमची लेक नर्सरीत 'अ' गिरवते तेव्हा तिला सांभाळणाऱ्या बाईची लेक शाळेत नसते. संध्याकाळी आमच्या कंपनीच्या ग्रुपवर माझं कौतुक झालं, वेळेत दुरुस्ती केली म्हणून. प्रत्येक गडबडीनंतर आम्ही एक रिपोर्ट लिहितो, काय बिघडलं, कोणी काय केलं, कशाच्या जोरावर निभावलं. ज्या मुलीच्या जोरावर हे निभावलं तिचा त्या रिपोर्टमध्ये उल्लेख नव्हता.

आमच्या क्षेत्रातली एक गोष्ट इथे आठवते. मार्च २०१६ मध्ये एका प्रोग्रामरने 'लेफ्ट-पॅड' नावाचं आपलं एक छोटं पॅकेज एनपीएमवरून काढून टाकलं. जेमतेम ११ ओळींचा कोड. जगभरातल्या मोठमोठ्या प्रोजेक्ट्सची बांधणी अचानक कोसळू लागली. बहुतेकांना आपण ते वापरतो हेच माहीत नव्हतं. त्यांनी दुसरंच काही घेतलं होतं, त्या दुसऱ्याने तिसरं, आणि तिसऱ्याच्या पोटात हे ११ ओळींचं पॅकेज. आपण कोणावर अवलंबून आहोत हे विचारलं की माणूस पहिल्या पायरीपर्यंत पाहतो. काका, मावशी, पाळणाघर. पण त्या सगळ्यांच्या पायथ्याशी कोण उभं आहे?

चौदाव्या-पंधराव्या श्लोकातलं चक्र मला तेव्हा नव्याने दिसलं. ताटातला भात पाहून कुणी पावसापर्यंत जात नाही. भगवंत आपल्याला हाताला धरून तिथपर्यंत नेतात. भात दिसला ना, मग त्याच्या मागचा पाऊस बघ. पाऊस दिसला, आता त्याच्या मागचं कोणाचं तरी कर्म बघ. या श्लोकांमध्ये 'देव' आहेत ते आपल्याला न दिसता पोसणारे. माझ्या दुपारी बाराला पोसणारी अशी जी मंडळी आहेत, त्यांत एक आठ वर्षांची मुलगी आहे.

पण इथे एक धोका आहे, आणि आपण भक्त मंडळी त्यात पटकन सापडतो. 'मावशी म्हणजे साक्षात देवीच!' असं म्हणून हात जोडायचे आणि मोकळं व्हायचं. मीही तेच केलं होतं. गीता असं म्हणत नाही की देवांना नुसता नमस्कार करा. ती म्हणते, पोसा. त्यांनी आपल्याला आणि आपण त्यांना. कोणाला देवपण दिलं म्हणजे त्याच्या पगाराचा प्रश्न सुटला असं होत नाही. उलट बऱ्याचदा आपण देवपण देतो ते पगार द्यावा लागू नये म्हणूनच.

आपल्या मराठवाड्यातल्या दोन गोष्टी या निमित्ताने मनात आल्या. दोन्ही आपण लहानपणापासून कीर्तनांत ऐकलेल्या.

एक तेरची. गोरोबा काकांची बायको लेकराला त्यांच्यावर सोपवून पाण्याला गेली. काका चिखल तुडवताना नामात इतके रंगले की रांगत आलेलं लेकरू पायाखाली आलं तरी कळलं नाही. पुढे पांडुरंगाने ते परत दिलं म्हणून गोष्ट गोड होते. लहानपणी मला यात काकांची तल्लीनता दिसायची. आता दिसते ती हंडा घेऊन निघालेली आई, जी 'तेवढं बघा हं' म्हणून विश्वासाने गेली. काका निदान नामात होते. मी डिप्लॉयमेंटमध्ये होतो.

दुसरी पैठणची. एकनाथ महाराज भर दुपारी गोदावरीच्या वाळवंटातून चालले होते. तापलेल्या वाळूत एक लेकरू पोळत, रडत होतं. अस्पृश्य मानलेल्या घरातलं. नाथांनी त्याला कडेवर घेतलं, त्याचं तोंड पुसलं आणि त्याच्या वस्तीत जाऊन त्याला आईच्या हवाली केलं. सोळाव्या शतकातल्या पैठणात याची काय किंमत मोजावी लागू शकत होती, हे वेगळं सांगायला नको. मी ही गोष्ट नेहमी समतेची म्हणून ऐकली आणि ती आहेच. पण आता तिच्यातल्या दोन बारीक गोष्टी दिसतात. एक, नाथ त्या आईला रागावले नाहीत. 'लेकरू असं सोडून जातात का' हा प्रश्न त्या गोष्टीत कोणी विचारत नाही. दोन, ते लेकराला शांत करून तिथेच थांबले नाहीत. त्याच्या वस्तीपर्यंत चालत गेले. करुणा नदीवर संपली असती तर नाथांना घरी लवकर जाता आलं असतं.

मी टाकीच्या सावलीपाशी थांबलो होतो. मावशींच्या घरापर्यंत, मनानेसुद्धा, गेलो नव्हतो.

मग करायचं काय? आईला फोनवर सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "एकाने नोकरी सोडावी बाबा." घरोघरी हेच वाक्य ऐकू येतं. 'एकाने' म्हणतात आणि बघतात सुनेकडे. गंमत म्हणजे कायद्याची नजरही थोडी तशीच आहे. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली. पगारी रजा २६ आठवड्यांची झाली आणि ५० किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. तिथे दिवसातून चार वेळा जाऊन मुलाला बघायची मुभा आहे, पण ती आईला. बापाला मुलाची आठवण दिवसातून चारदा येऊ शकते, हे कायदा करणाऱ्यांच्या लक्षात आलं नसावं. आणि पाच-सहा माणसांच्या नर्सरीत काम करणाऱ्या मावशी तर ५० च्या आकड्याच्या जवळपासही येत नाहीत. दुसऱ्यांची मुलं सांभाळणं हेच जिचं काम, तिच्या मुलाला सांभाळायची सोय या कायद्याच्या बाहेर राहते.

नोकरी सोडणं हे उत्तर मला गीतेतही सापडत नाही. तिसरा अध्याय सुरूच होतो तो 'कर्म सोडून दिलं तर बरं नाही का?' या अर्जुनाच्या शंकेवर, आणि भगवंतांचं उत्तर आहे, सोडून सुटत नाही. इथून पुण्याच्या रस्त्याला लागलं की तासा-दीड तासावर नेवासा. तिथे माउलींनी या श्लोकांवर निरूपण केलं. त्यांनी यज्ञाचा अर्थ होमकुंडात कोंडून ठेवला नाही. स्वधर्म नीट आचरणं हाच रोजचा यज्ञ, असं ते सांगतात. बाराला मुलीला आणणं हा माझा स्वधर्म आहे. बायकोवर केलेला उपकार नाही, कामातला व्यत्ययही नाही. आणि ज्यांच्या खांद्यावर तो उभा आहे त्यांचं देणं देणं, हा त्याच यज्ञाचा दुसरा अर्धा भाग.

हे जमतं का? महाराष्ट्रात हे एकदा फार सुंदर करून दाखवलं गेलं आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. १९५७ मध्ये हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी पाड्यांच्या सान्निध्यात गेलं. पोरं शाळेत का येत नाहीत, हे त्यांनी पाहिलं. उत्तर साधं होतं. मोठं भावंड धाकट्याला सांभाळतं, नाहीतर गुरं राखतं. 'यांना शिक्षणाची आवड नाही' असं म्हणून त्या मोकळ्या झाल्या नाहीत. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा त्यांनी एकाच आवारात आणली, तिचं नाव विकासवाडी. ताईने येताना बारक्याला कडेवर आणायचं, त्याला पाळणाघरात ठेवायचं आणि आपल्या वर्गात जाऊन बसायचं. गुराख्यांसाठी शाळाच कुरणात गेली. जी मुलं बालवाडीपर्यंत येत नव्हती त्यांच्या अंगणात बालवाडी गेली, म्हणून अंगणवाडी. २ ऑक्टोबर १९७५ ला देशभर सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतून हे नाव गावोगाव पोचलं. ताराबाईंनी साखळीच्या शेवटच्या कडीपासून सुरुवात केली होती. धाकट्याला सांभाळणाऱ्या त्या मोठ्या बहिणीपासून.

आमच्याकडून झालं ते याच्या पासंगालाही पुरणारं नाही, तरी सांगतो. कारण नुसतं 'जाणीव झाली' म्हणून चिंतन संपवणं मला आता चोरीसारखंच वाटतं.

रिक्षातल्या सात मुलांचे पालक एका रविवारी भेटलो. सर्व्हरसाठी आम्ही पहिला कोण, तो नसेल तर दुसरा कोण, अशी ड्युटी लावतो. मुलांसाठी मात्र सगळं 'बघू'वर. आता बाराच्या सुट्टीला रोज दोन नावं ठरलेली असतात, काका असले तरीही. 'डन' हा शब्द बंद. मूल हाताला लागलं की मगच मेसेज : 'हातात आहे.' रिक्षा बंद असेल त्या दिवसाचे पैसे काकांचे कापायचे नाहीत.

मावशींचे सव्वाबारानंतरचे जादा तास पालकांनी नर्सरीमार्फत द्यायचे ठरलं. मावशी आधी नाहीच म्हणाल्या. बायकोने त्यांना विचारलं, "बक्षीस नको, पण कामाचा पगार म्हणून घ्याल ना?" त्या म्हणाल्या, "पगार म्हनून घेईन." दोनशेची नोट पुढे करताना मी जे चुकलो होतो, ते तिने एका वाक्यात नीट केलं.

बारक्याचा प्रश्न अवघड निघाला. त्याला मावशींनी नर्सरीत सोबत आणावं, कोपऱ्यात खेळू द्यावं, असं आम्ही मॅडमना विचारलं. त्यांच्या अडचणी खऱ्या होत्या. जागा लहान, काही झालं तर जबाबदारी कोणाची? ग्रुपवर एका पालकाने लिहिलं, 'आम्ही फी भरतो ती आमच्या मुलांसाठी.' मला फार राग आला. मग आठवलं, महिन्यापूर्वी मीही मनातल्या मनात हेच म्हणालो असतो, फक्त लिहिलं नसतं. तिसऱ्यांदा विचारल्यावर मॅडम 'जूनपासून करून बघू' म्हणाल्या. जूनपासून बारक्या येतो. मोठी चौथीत गेली आणि बहुतेक दिवस शाळेत असते. 'बहुतेक' म्हणतो, कारण बारक्याला ताप आला की तीच घरी राहते. तो प्रश्न अजून सुटलेला नाही, आणि सुटला असं लिहिलं तर ते खोटं होईल.

आणि माझं? कॅलेंडरवर ११:५० ते १२:३० मी अडवून ठेवलंय. पहिल्यांदा तिथे 'बिझी' लिहिलं होतं. मग खोडून 'मुलीला आणायला जातो' लिहिलं. मॅनेजर काय म्हणतील याची धास्ती होती. मध्यंतरी पुन्हा एकदा भर गडबडीत बारा वाजत आले. मी सांगितलं, मला निघायचंय, आणि स्क्रीन सहकाऱ्याच्या हवाली केली. परत आलो तोवर काम झालेलं होतं. माझ्याशिवाय. अहंकाराला थोडं लागलं, पण ते औषधच होतं. इतकी वर्षं जे 'माझ्यावाचून होणार नाही' म्हणत होतो ते माझ्यावाचून झालं. आणि जे 'कोणीतरी करेल' म्हणत होतो ते माझ्यावाचून झालं नसतं.

तुमच्यापैकी अनेकांना अजून मुलं नसतील. तरी हे श्लोक तुमच्याही दारात येतात. पीजीवर पोळ्या लाटून देणाऱ्या काकू, रात्री अकराला जेवणाचं पार्सल घेऊन येणारा मुलगा, ऑफिसचा मजला सकाळी सातला पुसून ठेवणाऱ्या ताई. त्या वेळेला त्यांच्या घरी कोण आहे? हा प्रश्न अपराधी वाटून घेण्यासाठी नाही. अपराधी वाटण्याने चक्र फिरत नाही. तुम्ही घेतलेल्या वेळातला थोडा परत जाऊ शकतो का, आणि पैशाने, वेळेने की नुसतं वेळेवर पोचल्याने, एवढंच बघण्यासाठी आहे. कधी कधी वेळेवर पोचणं हेच सगळ्यात मोठं दान असतं. त्या दुपारी मी बाराला पोचलो असतो तर मावशींना माझ्या दोनशे रुपयांची गरजच नव्हती.

हल्ली बाराला मी गेटवर उभा असलो की लेक लांबून ओरडते, "आज बाबाचा नंबर!" मग बारक्याला टाटा करते. तो अजून बोलत नाही, नुसता हात हलवतो. आईची वाट बघत तो पंधरा मिनिटं तिथे बसतो, सव्वाबारापर्यंत. आता मला ती वेळ माहीत असते.

आजचा संकल्प : आज ज्या एका माणसाच्या जोरावर तुमचा दिवस पार पडला, त्याच्या मागे कोण उभं आहे, हे त्यालाच विचारा. नुसतं मनात आणू नका, विचारा. उत्तर ऐकल्यावर काय करायचं ते हा अध्याय सांगतोच.

उद्याचं वाचन : अध्याय तिसरा, श्लोक १७ ते १९.

राम कृष्ण हरी!